सात फुटांवरून तीन फुटांवर

आमच्याकडचं नाताळचं झाड गेल्या वर्षी लहान झालं. झालं म्हणजे आम्ही केलं. सात फुटांचं होतं, आता तीन फुटांचं आहे आणि ते शिलाई मशीनवर उभं असतं. एका ओळीत संपणारी गोष्ट. पण आमच्या फ्लॅट स्कीममधले दिवाळीचे कंदील उतरले तेव्हापासून ती जी सुरू झाली ती नाताळ तोंडावर येईस्तोवर चालली, आणि तिच्यात आमची दोन्ही मुलं, शेजारच्या वहिनी, चर्चच्या मंडळीतली बरीच माणसं आणि इंग्लंडची एक राणीसुद्धा येऊन गेली.

मी मेडिकलमधून, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून, सिस्टर म्हणून निवृत्त झाले, हे रेल्वेच्या लेखा विभागातून. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. नागपुरात सदरजवळच्या एका फ्लॅट स्कीममध्ये दुसऱ्या माळ्यावर राहतो. लिफ्ट आहे, पण तिच्या भरवशावर भाजी आणायला जाऊ नये.

जुनं झाड मुलं शाळेत होती तेव्हाचं. यांनी ते मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून घेतलं आणि विदर्भ एक्सप्रेसमध्ये बर्थखाली घालून आणलं. हल्लीच्या झाडांच्या फांद्या खोडालाच जोडलेल्या असतात, छत्रीसारख्या खाली पडतात. आमचं त्या आधीच्या पिढीतलं: खोडाचे तीन लोखंडी तुकडे एकात एक बसवायचे आणि मग एकेक सुटी फांदी तिच्या आकड्यानं कड्यात अडकवायची. कुठली फांदी कुठल्या ओळीची हे कळायला टोकांना रंग दिलेला होता. तो काही वर्षांत उडाला. मग यांनी माझ्याकडची चिकटपट्टी घेतली, वॉर्डात सलाइनच्या सुईवर लावतो ती, आणि प्रत्येक फांदीला अ, आ, इ अशी अक्षरं डकवली. आकडे का नाही, असं मी विचारलं होतं. आकडे खोडाच्या तुकड्यांना द्यायचे होते म्हणे. रेल्वेचा माणूस.

तर अशा झाडाची खालची ओळ लावायला जमिनीवर मांडी घालून बसावं लागतं आणि वरची लावायला शिडीवर चढावं लागतं. जमिनीवर बसलं तर मला उठता येत नाही. आणि यांनी शिडीवर चढू नये असं माझं मत आहे.

माझी नोकरीतली शेवटची बरीच वर्षं ऑर्थोच्या वॉर्डात गेली. साठी-सत्तरीतली माणसं तिथं कशी येतात ते मला पाठ आहे. कोणी बाथरूममध्ये घसरतं, कोणी रात्री उठताना पायपुसणीत पाय अडकून पडतं. सणासुदीला वेगळीच भरती सुरू होते: जाळे काढायला स्टुलावर चढलेले, कंदील टांगायला चढलेले, पंखा पुसायला चढलेले. मांडीच्या हाडाची मान मोडते, खुब्यापाशी. पाय आखूड दिसतो आणि बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. स्ट्रेचर दारातून आत येतानाच आम्हाला कळायचं. ऑपरेशन होतं, माणूस घरी जातो, पण आधी जसा चालत होता तसा पुष्कळदा चालत नाही. काही जण बिछान्याला खिळतात, मग छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात. हे सगळं मी यांना इतक्यांदा सांगितलंय की हे माझ्याबरोबर म्हणू शकतात. यांचं उत्तरही ठरलेलं: ‘मी काय स्टुलावर चढतो? आपली शिडी आहे, मजबूत.’

२०१८च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्या गारठ्यात, बोटं आखडलेली असताना, हा माणूस शिडीवर चढून शेंड्यावरचा देवदूत सरळ करत होता. का, तर मुलीनं पाठवलेल्या फोटोत तो वाकडा दिसत होता.

गेल्या वर्षी मी ठरवलं की वादाला शिडीपासून सुरुवात करायचीच नाही. म्हटलं, ‘यंदा लहान झाड घेऊ.’

‘आपल्या घराची परंपरा आहे ती,’ हे म्हणाले.

आता परंपरा म्हटलं की माझं डोकं फिरतं, कारण मला थोडं वाचलेलं आठवतं. आमची दोन्ही घराणी स्कॉटिश मिशनच्या वेळेपासूनची. स्टीफन हिस्लॉपसाहेब नागपुरात आले १८४५ला, ज्यांच्या नावाचं आज कॉलेज आहे. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि तिकडच्या त्या मंडळ्यांना नाताळ पाळणंच मुळात मान्य नसे. बायबलात सांगितलेला सण नाही, मग कशाला? स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ साल उजाडलं. झाड सजवायची रीत जर्मनीची. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा जर्मन नवरा अल्बर्ट मुलाबाळांसह झाडाभोवती उभे आहेत असं चित्र १८४८मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि त्यानंतर इंग्लंडात घरोघर ही टूम पसरली. म्हणजे हिस्लॉपसाहेब नागपुरात पोचले तेव्हा ते चित्रही निघालेलं नव्हतं. ‘तुमच्या परंपरेत झाडच बसत नाही,’ मी म्हटलं, ‘मग सात फुटांचं कुठून बसवता?’

यांनी लगेच मोबाइलवर ते चित्र शोधून काढलं. माझं म्हणणं खोडून काढायलाच काढलं असणार. चष्मा कपाळावर सरकवून, पडदा डोळ्यांजवळ धरून बराच वेळ न्याहाळत बसले. मग म्हणाले, ‘अगं, पण हे झाड टेबलावर ठेवलंय.’

मी पाहिलं. खरंच टेबलावर होतं. झाड काही लहान नव्हतं, राजवाड्यातलं टेबल आणि राजवाड्यातलं छत. पण होतं टेबलावर. हे त्यांनी स्वतः शोधलं, त्यामुळे ती कल्पना तिथून पुढे त्यांची झाली. मी तोंड बंद ठेवलं.

मुलांना सांगायचं काम राहिलं होतं. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला. दोघंही २४च्या संध्याकाळी येतात, तयार झाडाखाली फोटो काढतात, आणि विशीत गेलेला नातू वर्षभर न बोललेलं त्या रात्री बोलतो. हे सगळं मला मान्य आहे. पण झाड लावायला कोणी नसतं आणि काढायला तर नसतंच. मुलीला फोनवर सांगितलं तर ती एकदम गप्प झाली. ‘आई, झाड नको ना लहान करू. घरी आल्यासारखं वाटत नाही मग.’ मी म्हटलं, ‘डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ये आणि लाव. मी चहा देते.’ त्या रात्री तिनं सहा फुटांच्या, दिवे आधीच जडवलेल्या एका झाडाची लिंक पाठवली. मुलगा म्हणाला, ‘जुनं टाकू नका, पुढे लागेल.’ पुढे म्हणजे कधी, आणि ठेवायचं कुठे? त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये सज्जाच नाही.

या सगळ्यात कामाचं बोलल्या त्या शेजारच्या वहिनी. त्यांच्याकडे महालक्ष्म्या असतात. पूर्वी उभ्या असायच्या, साड्या नेसवलेल्या, दागिने घातलेल्या. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, आणि जेवायला अख्खी स्कीम. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मुखवटे तांब्यांवर बसवायला सुरुवात केली आणि जेवणही घरच्यापुरतं आणलं. मी विचारलं, चुकल्यासारखं नाही वाटलं? म्हणाल्या, ‘पहिल्या वर्षी मी रडली ना ताई. दुसऱ्या वर्षी जेवणं आटोपल्यावर मस्त झोपली.’

लहान झाड घ्यायचं ठरलं म्हणजे कुठलं, हा प्रश्न उरतोच. आमच्या लहानपणी विकतचं झाड कोणाकडेच नव्हतं. मिशनच्या आवारातल्या सुरूची फांदी तोडून आणायची, डालड्याच्या डब्यात वाळू भरून खोचायची, डब्याला रंगीत कागद, आणि फांदीवर कापूस पिंजून टाकायचा. कापूस वऱ्हाडातला, बर्फ युरोपातला. सुरूची फांदी दिसते छान, पण दोन-चार दिवसांत तिच्या काड्या गळायला लागतात, आणि त्या झाडायला वाकावं लागतं. शिवाय आज फांदी तोडायला मागायची कोणाकडे?

कुंडीतल्या झाडाचाही विचार केला. नर्सरीत ज्याला ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ते बहुतेकदा अरोकेरिया असतं. मूळचं पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं. सुरेख असतं, मजल्यामजल्यांनी आडव्या फांद्या. पण त्याला दमट हवा लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातं, त्यात कूलरचा झोत. खालच्या फांद्या टोकापासून तपकिरी होत जातात आणि एकदा गळलेली फांदी त्या जागी पुन्हा येत नाही. नर्सरीवाला म्हणाला, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत जा. पण माझी नजर कुंडीवर. ओल्या मातीची ती कुंडी गॅलरीतून हॉलमध्ये उचलून कोण आणणार? शिडी टाळायची आणि कंबर मोडून घ्यायची, यात काय शहाणपण?

म्हणजे पुन्हा प्लास्टिकचंच. सदरला पाहिलं, बर्डीवर पाहिलं. दुकानदारांचं एकच: ‘काकू, सहा फुटी घ्या ना, थोडाच फरक आहे.’ लहान झाडांत माल फार हलका असतो हे खरं. उंची सगळे सांगतात. टोकं किती हे कोणी सांगत नाही. दोन झाडं तीन-तीन फुटांची असतात, पण एकाच्या फांद्यांना दुप्पट टोकं असतात, आणि दुसरं बाटली धुवायच्या ब्रशसारखं दिसतं. मी पर्समधून एक जुना काचेचा गोळा नेला होता. तो मधल्या ओळीच्या फांदीच्या टोकाला अडकवायचा आणि पाहायचं. तार मऊ असेल तर फांदी मान टाकते. प्लास्टिकच्या पायांचं झाड घेऊ नये, लोखंडी तिपाई असलेलंच घ्यावं, आणि दुकानातच ती पूर्ण उघडून बघावी. फांद्या बिजागरीच्या असाव्यात, सुट्या नकोत. माझे अंगठ्यांचे सांधे गेले आहेत, एकेक आकडा दाबून बसवणं आता माझं काम नाही. शेवटी घेतलं ते साडेअकराशेला. चौदाशे सांगत होता. यांनी घासाघीस केली नसती तर झाड लहान झाल्याचं दुःख त्यांना जास्त झालं असतं.

घरी आणून जमिनीवर उभं केलं आणि दोघंही हिरमुसलो. सोफ्याच्या हाताएवढं. जवळून जाताना साडीचा पदर लागला तर पडेल असं. टीपॉयवर ठेवलं तर अजून बिचारं. टीपॉय ठेंगणा, वाकावं लागणारच. हे म्हणाले, ‘राणीनं टेबल घेतलं होतं, टीपॉय नव्हे.’

तेव्हा माझं लक्ष शिलाई मशीनकडे गेलं. पायाची उषा मशीन, वरचं झाकण पाडलं की सपाट फळी. उंची बरोबर माझ्या कमरेपर्यंत. वॉर्डात नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची: पेशंटचं काही करायचं असेल तर आधी खाट वर घ्या. कमरेखाली वाकून काम केलंत तर चाळिशीत पाठ जाईल. हात कमर आणि खांदा यांच्या मधे राहिले पाहिजेत. मशीनवर झाड ठेवलं तर त्याच्या सर्वांत खालच्या फांदीला न वाकता हात पोचतो आणि शेंड्याला टाचा न उचलता. सबंध झाड न वाकता, न चढता हाताशी आलं. मोठ्या झाडाचा जो भाग पाहुण्यांच्या नजरेसमोर असायचा तेवढाच आम्ही ठेवला म्हणा ना. वरचं आणि खालचं कोणी पाहत नव्हतंच. दिव्यांच्या माळेचं बटण मशीनशेजारच्या बोर्डावर, तेही उभ्यानं दाबता येणारं. पूर्वी सोफ्यामागे हात घालून चाचपडावं लागायचं.

झाडाची तिपाई आम्ही मशीनच्या फळीला सुतळीनं बांधून टाकली, आणि वरून पांढरी चादर. मशीनचं चाक आणि पायटा झाकले गेले. कॅरलवाली पोरं आली त्या रात्री एकानं चादर उचलून पाहिलीच.

सामानाची निवड करणं हे खरं अवघड काम निघालं. खोक्यातलं सगळं दिवाणावर जुन्या चादरीवर मांडलं. लहान झाडावर फार तर चौथा हिस्सा मावतो. मोठे गोळे आधी बाजूला, कारण लहान झाडावर मोठा गोळा टांगला की झाड आणखी लहान दिसतं. खोके वर्षभर सज्जावर असायचे, तिथल्या उन्हाळ्यांनी अर्धं काम केलेलंच होतं: प्लास्टिकच्या घंटा हातात घेतल्या की कडकन तुटत होत्या, गोळ्यांचे रबर चिकट होऊन एकमेकांना धरून बसले होते. ते सरळ कचऱ्यात.

मग निघाल्या एक्स-रेच्या चांदण्या. मुलं लहान असताना रद्द झालेल्या फिल्मा मी घरी आणत असे. कोमट पाण्यात ठेवून घासल्या की बहुतेक निळसर पारदर्शक होतात, पण कडेला थोडं काही राहतंच. त्यातून मुलांनी चांदण्या कापल्या होत्या, कात्रीला न जमलेल्या, एक पाकळी लांब, एक आखूड. एक मी दिव्यासमोर धरली तर पाकळीत कोणाच्या तरी मनगटाची लहान हाडं स्पष्ट दिसत होती. आठ हाडं असतात तिथं, त्यातली चार या चांदणीत आली होती. हे म्हणाले, ‘ही ठेवू या.’ मी म्हटलं, ‘ही तर ठेवायचीच.’ हलकी असल्यानं ती टोकाच्या फांदीलाही चालली. दिवा मागे आला की हाडं दिसतात. नातवानं फोटो काढला तो फक्त तिचा.

देवदूत मात्र बसला नाही. शेंड्याला बांधला की शेंडाच वाकायचा. आणि येशूजन्माच्या देखाव्यातली, गव्हाणीतली मंडळी? मातीचा मेंढपाळ झाडाच्या निम्म्या उंचीचा दिसायला लागला, उंट तर पार अंगावर आल्यासारखा. ती सगळी टीव्हीच्या कपाटावर हलवली, देवदूत त्यांच्या मागे भिंतीला टेकवून. गोष्टीच्या हिशेबानं त्याची जागा तिथंच होती, असं मला आता वाटतं.

मोठं झाड घ्यायला कोणी तयार होईना. मंडळीत विचारत सुटलो तर आमच्या वयाचे सगळे म्हणाले, अहो आमचंच कोणी न्या. तरुण जोडप्यांची घरं लहान. शेवटी संडे स्कूलच्या वर्गासाठी पाळकसाहेबांनी हो म्हटलं. हे सोबत गेले, खोक्यासकट, आणि चिकटपट्टीवरची अक्षरं कशी वाचायची हे पोरांना समजावून आले. पोरांना ते फारच सोपं गेलं; अ कुठे, आ कुठे, ओरडत ओरडत लावलं त्यांनी. आम्ही नंतर पाहायला गेलो तर खालच्या तीन फुटांत गोळे, चांदण्या, रंगीत चॉकलेटचे कागद, शिंपले, एक बिल्ला, सगळं खच्चून भरलेलं, आणि वरचे चार फूट उघडे. पोट्ट्यांचे हात तिथवरच पोचत होते. वर्गाच्या बाईंनी यांच्याकडे पाहिलं. यांनी कोपऱ्यातल्या शिडीकडे पाहिलं. मी तरुण संघातल्या एका उंच मुलाला हाताला धरून पुढे केलं.

मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूला भेटायला आले तो सण ६ जानेवारीचा, त्या दिवशी आमच्याकडे झाड उतरतं. उतरायला हवं, असं म्हणू. मोठं झाड कधी कधी संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले तरी उभं असायचं, कारण खोके सज्जावर चढवायला माणूस शोधावा लागे. या वेळी मी फांद्या मिटल्या, यांनी तिपाई सोडली, आणि सगळं एका खोक्यात बसून दिवाणाखाली गेलं. माझा चहा अजून गरम होता. सज्जा आता रिकामा आहे आणि त्यात काही ठेवायचं नाही असं आमचं ठरलंय.

राहिली ती गॅलरीतली मोठी कागदी चांदणी. ती डिसेंबरात वहिनींच्या नातवानं टांगून दिली होती, तो आता परीक्षेत आहे. हे रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून तिच्याकडे बघतात आणि शिडी कुठे गेली विचारतात. शिडी वहिनींकडे आहे. हे मागायला आले तर द्यायची नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.